स्पोर्ट्स कार रोज पळवायची? आधी किलोमीटरचा भाव काढा

"सर, धंद्याचा जम बसला की स्पोर्ट्स कार घ्यायचीय. आणि कव्हर घालून ठेवायला नाही, रोज दुकानाला न्यायला." हा प्रश्न दर बॅचला कोणीतरी विचारतंच. शेजारचे हसतात. मी हसत नाही, कारण प्रश्न मशीनचा आहे. महागडं मशीन घ्यायचं आणि ते भरपूर चालवायचं, हे परवडतं का? फ्लेक्स प्रिंटर घेतानाही तुम्ही हेच विचारणार आहात.

व्हिडिओत एका माणसाचा उल्लेख घाईघाईत झाला होता. इथे नीट सांगतो, कारण या विषयात त्याच्या पुढे जाणारा कोणी नाही.

अर्व्ह गॉर्डन. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारे, शाळेत विज्ञान शिकवणारे. ३० जून १९६६ ला त्यांनी लाल रंगाची व्होल्वो पी-१८०० एस घेतली. दोन दारांची, बुटकी, देखणी स्पोर्ट्स कूपे. किंमत ४,१५० डॉलर, म्हणजे त्यांचा जवळपास वर्षाचा पगार. (आपल्याकडे कोणी असं केलं तर घरचे काय म्हणतील ते सांगायला नको.) शाळेत जाऊन-येऊन रोज १२५ मैल, आपल्या हिशोबाने २०० किलोमीटर. १९८७ मध्ये गाडीचे १० लाख मैल झाले. २००२ मध्ये २० लाख. सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात ३० लाख मैल, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. गिनीजमध्ये नोंद झाली. २०१८ मध्ये गॉर्डन वारले, तोपर्यंत गाडी त्यांच्याकडेच होती.

आता ४,१५० डॉलर भागिले ३० लाख मैल करा. एका मैलाला एका सेंटचा साधारण सातवा भाग. गाडीची किंमत हिशोबातून गायबच झाली! उरला तो पेट्रोल, टायर आणि मेंटेनन्सचा खर्च.

ही गाडी इतकी टिकली कशी? लोक म्हणतात नशीब. मला नाही वाटत. पहिलं कारण रस्त्याचं. रोज शंभर-शंभर किलोमीटरचा सलग हायवे. थंड इंजिन चालू करतानाच सगळ्यात जास्त झीज होते, आणि या गाडीला एका स्टार्टमागे लांब पल्ला मिळत होता. इंजिन पूर्ण तापायचं, ऑइलमधलं पाणी उडून जायचं, क्लच आणि ब्रेकला काम कमी. घरापासून दुकान चार किलोमीटर, मधे सहा सिग्नल आणि बाजारपेठेत फर्स्ट-सेकंड गिअर, हा आपला रोजचा प्रवास. त्यात गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, पण हाल जास्त होतात. दुसरं, इंजिन साधं होतं: १.८ लिटरचं, चार सिलिंडरचं, लोखंडी ब्लॉकचं, कार्ब्युरेटरवालं. कोणताही चांगला मेकॅनिक उघडून बघू शकेल असं. तिसरं म्हणजे गॉर्डन यांची शिस्त. कंपनीचं मॅन्युअल सांगेल तसं करायचं, ऑइल वेळेवर बदलायचं, आवाज बदलला की लगेच बघायचं. इंजिन पहिल्यांदा खोललं ते ६,८०,००० मैलांना.

इथपर्यंत ऐकून पोरं एकदम खूश होतात. "म्हणजे जेवढी चालवू तेवढी स्वस्त!" थांबा. कागद घ्या.

खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या गाडीचे, तुमच्या शहरातले आकडे टाकून परत करा. समजा २५ लाखांची सेकंडहँड स्पोर्ट्स कूपे घेतली आणि पाच वर्षं ठेवली. फक्त रविवारी काढली तर वर्षाला ३,००० किलोमीटर. पाच वर्षांनी १३ लाखांना विकली. तोटा १२ लाख, इन्शुरन्स वगैरे पाच वर्षांचे ४ लाख, म्हणजे १६ लाख हे गाडी नुसती ठेवण्याचे. १५,००० किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला १०७ रुपये. चालवायचा खर्च वेगळा: पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज ९ धरलं तर १२ रुपये, लाखाचा टायर सेट २५,००० किलोमीटर चालला तर ४ रुपये, सर्व्हिसिंग-ब्रेक-क्लचचे अजून ४. झाले २०. एकूण किलोमीटरला १२७ रुपये.

तीच गाडी रोज, वर्षाला २०,००० किलोमीटर चालवली तर? मीटर पुढे गेलेला असल्यामुळे रिसेल १० लाखच धरू. ठेवण्याचा खर्च १९ लाख, पण तो लाख किलोमीटरवर वाटला गेला, म्हणून १९ रुपये. अधिक २०. एकूण ३९ रुपये किलोमीटर.

१२७ वरून ३९! गॉर्डन साहेबांचं गणित बरोबर निघालं की. पण आता खिशाकडे बघा. रविवारवाल्याच्या खिशातून पाच वर्षांत १९ लाख गेले, रोजवाल्याच्या ३९ लाख. पर किलोमीटर स्वस्त झालं आणि बिल दुप्पट झालं. होलसेलमध्ये स्वस्त मिळतो म्हणून गरज नसलेला माल भरणारा दुकानदार अगदी याच ठिकाणी अडकतो.

तेच लाख किलोमीटर साध्या हॅचबॅकने केले तर? आठ लाखांची गाडी, साडेतीन लाखांना विकली, इन्शुरन्स सव्वा लाख, चालवायचे किलोमीटरला साडेसात रुपये. पाच वर्षांचे सव्वातेरा लाख. फरक पावणेसव्वीस लाखांचा, महिन्याला जवळजवळ ४३,००० रुपये. हप्त्याचं व्याज मी अजून धरलेलंच नाही. हे ४३,००० म्हणजे छोट्या दुकानात दोन-तीन पोरांचे पगार असतात. धंद्याच्या गल्ल्यातून ते निघणार असतील तर माल कमी भरला जाणार, उधारी लांबणार, आणि गाडी दारात असताना तुम्ही बँकेत ओडी वाढवून मागणार. अशी मंडळी मी पाहिली आहेत.

आता गंमत बघा. रोजसाठी हॅचबॅक आणि रविवारसाठी स्पोर्ट्स कार, दोन्ही ठेवल्या तर १९ अधिक सव्वातेरा, सव्वाबत्तीस लाख. एकट्या स्पोर्ट्स कारला रोज पळवण्यापेक्षा दोन गाड्या स्वस्त पडतात! फक्त सुरुवातीला आठ लाख जास्त अडकतात आणि पार्किंग दोनाचं लागतं. शिवाय एक गाडी गॅरेजला गेली तर दुसरी आहे. ही बाब छोटी समजू नका. कमी खपाच्या गाडीचा एखादा पार्ट यायला आठवडे लागू शकतात, आणि तेवढे दिवस तुम्ही पार्टीकडे रिक्षाने जाणार. खालून लागणारे स्पीडब्रेकर, पावसाळ्यातले खड्डे आणि रुंद, कमी उंचीच्या टायरची फुटलेली साइडवॉल हा खर्च माझ्या ४ रुपयांत बसेलच असं नाही.

मग रोज चालवणं कोणाला जमतं? ज्याचा रोजचा रस्ता खरंच लांब आणि मोकळा आहे. ज्याच्या गावात त्या इंजिनला हात लावणारा माणूस आहे. आणि ज्याला ती गाडी धंदा आणून देते, उदाहरणार्थ कार डिटेलिंगवाला किंवा टायर-अलॉयवाला. गॉर्डन यांचे १० लाख मैल झाले तेव्हा कंपनीने त्यांना नवी गाडी भेट दिली होती, कारण त्यांची जुनी लाल गाडी हीच कंपनीची जाहिरात झाली होती. तुमची गाडी कोणाची जाहिरात करते, तुमच्या दुकानाची की शोरूमवाल्याची, हे एकदा विचारून बघा.

"फर्मच्या नावावर घेतो, टॅक्स वाचेल" हे उत्तर मला हमखास मिळतं. वाचतो, पण तुम्ही समजता तेवढा नाही. मोटारकारवर घसारा १५ टक्के, तोही दरवर्षी उरलेल्या रकमेवर. त्या वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्माच. खाजगी वापराचा हिस्सा वजा होतो. जीएसटीचं इनपुट क्रेडिट तर आपल्यासारख्या दुकानदाराला प्रवासी कारवर मिळतच नाही. ते गाड्यांची विक्री, प्रवासी वाहतूक किंवा ड्रायव्हिंग स्कूल करणाऱ्यांसाठी आहे. त्यामुळे फर्मच्या नावावर घेणारच असाल तर पहिल्या दिवसापासून गाडीत एक वही ठेवा: तारीख, कुठून कुठे, कोणत्या कामासाठी, किती किलोमीटर. वर्षअखेरीला सीए हेच मागणार आहे, आणि मार्चमध्ये बसून मागचे अकरा महिने आठवत नाहीत.