बेळगांवचें शिक्षणकेंद्र

रणांगणावर गाजलेल्या पलटणींचीं नांवें इतिहासांत नमूद होतात. परंतु ज्या जागीं खेड्यांतील तरुणाचा शिपाई बनतो, तिची हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. कर्नाटक राज्यांतील बेळगांव येथें असलेलें मराठा लाइट इन्फंट्रीचें शिक्षणकेंद्र हें असेंच एक ठिकाण होय. एकामागून एक आलेल्या युद्धांनीं तें कसें घडविलें, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनींहि जाणून घेण्याजोगें आहे.

या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ सालीं उभी राहिली. पूर्वीं रंगरूटांस तयार करण्याचा भार मुख्यत्वेंकरून ज्या त्या पलटणीवरच असे. लहान मोहिमांस ही व्यवस्था पुरे पडे. पण पहिल्या महायुद्धांत तिचें वैगुण्य उघड झालें. मेसोपोटेमियांतील कूत शहरीं १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी वेढ्यांत सांपडल्या. सुमारें पांच महिन्यांनीं अन्न संपत आलें व २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील सैन्यास शरण जावें लागलें. या पलटणी पुन्हा नव्यानें उभाराव्या लागल्या. इतर आघाड्यांवरहि पडलेल्यांच्या जागा भरण्यासाठीं परक्या पलटणींतून उसनीं घेतलेलीं किंवा घाईनें शिकविलेलीं माणसें पाठविण्याची पाळी आली.

या कटु अनुभवामुळें १९२२ सालीं सहा मराठा पलटणींची एक रेजिमेंट करण्यांत आली. त्यांपैकीं पांच लढाऊ राहिल्या. सहावी, म्हणजे पूर्वींची ११४ वी, केवळ शिक्षणासाठीं राखून ठेविली व बेळगांव हें तिचें ठाणें झालें. लढाऊ पलटणी गांवोगांव बदलून जात. शिक्षणाचें ठाणें मात्र स्थिर राही. एकाच पद्धतीनें शिकलेला शिपाई पांचांपैकीं कोणत्याहि पलटणींत गेला, तरी तेथें परका ठरत नसे.

दुसऱ्या महायुद्धांत या व्यवस्थेची कसोटी लागली. १९४१ सालीं एरिट्रियांतील केरेन, १९४४ सालीं मणिपूरमधील शांगशाक तसेंच इटली येथें मराठे लढले. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत कुलाबा जिल्ह्याचे नाईक यशवंत घाडगे यांचे सर्व सोबती मारले गेले वा जखमी झाले असतां त्यांनीं एकट्यानें शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर चाल केली, तो जिंकला व तेथेंच देह ठेविला. ९ एप्रिल १९४५ रोजीं शिपाई नामदेव जाधव यांनीं सेनिओ नदीकांठीं जखमी सोबत्यांस सुरुंगांच्या पट्ट्यांतून सुखरूप पोंचविलें आणि नंतर शत्रूचे तीन मोर्चे बंद पाडले. दोघांसहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. धैर्य हें ज्याचें त्याचें. परंतु संकटसमयीं हातपाय न डगमगतां चालावे, यासाठीं पहांटेपासूनची कवाईत लागते.

स्वातंत्र्यानंतर काश्मीर, १९६५ व १९७१ या युद्धांतहि मराठा पलटणी लढल्या. १९७१ सालीं ‘जंगी पलटणी’नें पूर्व बंगालमधील जमालपूरच्या लढाईंत कीर्ति मिळविली. २०२२ सालीं अग्निपथ योजना आली व २०२३ पासून येथें चार वर्षांच्या सेवेचे अग्निवीर शिकूं लागले. थोड्या अवधींत पक्का शिपाई घडविणें, हा त्या केंद्रापुढील नवा प्रश्न होय. सैन्याची तयारी युद्ध पेटल्यावर होत नसते, ही कूतची शिकवण त्यास आजहि उपयोगीं पडेल. विद्यार्थिमित्रहो, परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडणाऱ्यासहि ती लागू आहे!