समुद्रपुष्प आणि त्याचे सोबती खेकडे

समुद्रपुष्प हे नावाने फूल असले, तरी वस्तुतः तो प्राणी आहे. खडकाला चिकटलेले मांसल खोड, वरच्या टोकास मुख आणि मुखाभोवती पाकळ्यांसारखे संस्पर्शक, अशी त्याची रचना असते. संस्पर्शकांवर असंख्य दंशकोशिका असतात. भक्ष्याचा स्पर्श होताच त्यांतून विषारी सूत्रे सुटतात. अशा सशस्त्र प्राण्याच्या आश्रयाने काही खेकडे राहतात. या सोबतीस सहजीवन म्हणतात.

या सोबत्यांपैकी शंखवासी खेकडा सर्वांत परिचित होय. त्याचे पोट मऊ असल्यामुळे तो रिकाम्या शंखात राहतो. काही जातींचे खेकडे पायांनी हलकेच थोपटून समुद्रपुष्पाला खडकावरून सोडवतात आणि आपल्या शंखावर चढवून घेतात. असे समुद्रपुष्प पाठीवर असलेला खेकडा ऑक्टोपसच्या तावडीतून वाचतो, हे १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. समुद्रपुष्पाला मोबदल्यात प्रवास घडतो व खेकड्याच्या जेवणातील उष्टे मिळते. भारतीय समुद्रांच्या खोल पाण्यातून आल्फ्रेड आल्कॉक यांनी तर समुद्रपुष्पालाच पांघरुणाप्रमाणे अंगावर ओढून घेणाऱ्या खेकड्याचे वर्णन केले. मुष्टियोद्धा खेकडा दोन्ही नांग्यांत एकेक लहान समुद्रपुष्प धरतो. त्यांपैकी एक गमावल्यास तो उरलेल्याचे दोन तुकडे करतो व प्रत्येक तुकड्यापासून पूर्ण प्राणी तयार होतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

हे सहजीवन घरी पाहता येईल काय? समुद्रपुष्प दीर्घायुषी असते. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगले. परंतु ते थंड प्रदेशातील होते. कुंभकोणमजवळील मरुदानल्लूरसारख्या गावी प्रश्न निराळा आहे. कावेरीच्या गोड्या पाण्याचा हा प्रदेश समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत असून, उन्हाळ्यात तेथील दुपारचे तापमान ३५ अंशांच्या वर जाते. अशा ठिकाणी खारे पाणी तयारच करावे लागते.

त्यासाठी साधे मीठ चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादींचे क्षार असलेले समुद्री मिश्रण क्लोरीनविरहित शुद्ध पाण्यात, दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवावे. तापमान २४ ते २७ अंशांच्या दरम्यान असावे. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी थंड होते. मात्र त्यामुळे पाणी घटते आणि क्षार मागे राहून खारेपणा वाढतो. म्हणून ही घट खाऱ्या नव्हे, तर शुद्ध गोड्या पाण्याने भरून काढावी.

टाकी भरल्याबरोबर प्राणी सोडणे ही घातक घाई होय. प्राण्यांच्या मलातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पाण्यात अमोनिया व नायट्राइट आढळेनासे झाल्यावरच प्राणी आणावेत.

शंखावर राहणाऱ्या समुद्रपुष्पांना तीव्र प्रकाशाची गरज नसते. त्यांना आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा बारीक तुकडा द्यावा. खडकावरील मोठ्या समुद्रपुष्पांच्या शरीरात मात्र सूक्ष्म शैवले असतात व ती प्रकाशावर अन्न बनवतात. म्हणून तेथे भरपूर उजेड हवा. खेकडा वाढत असल्यामुळे टाकीत थोडे मोठे रिकामे शंख ठेवावेत. घर बदलताना तो आपल्या सोबत्यालाही नव्या शंखावर नेतो. हा सोहळा पाहण्याजोगा असतो. पंपाच्या तोंडाला जाळी लावावी आणि तांबेयुक्त औषधे कटाक्षाने टाळावीत, कारण ती या प्राण्यांना मारक ठरतात.

मेलेले समुद्रपुष्प झपाट्याने कुजते आणि त्यामुळे टाकीतील इतर जीवही दगावतात. तेव्हा ते आक्रसून मऊ पडले व दुर्गंधी येऊ लागली, तर त्वरित बाहेर काढावे. शिवाय मन्नारच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान १९८६ पासून संरक्षित आहे. तेथून किंवा कोणत्याही प्रवाळखडकावरून जीव उचलू नयेत आणि टाकीतील जीव पुन्हा समुद्रातही सोडू नयेत. ज्याला रोज पाणी तपासण्याची सवड नाही, त्याने हे सहजीवन सार्वजनिक मत्स्यालयात पाहावे. ज्याला ती सवड आहे, त्याच्या घरातील लहानशी टाकीही निसर्गाचा एक मोठा धडा शिकवील.