वारसाविसंगती (संगणकशास्त्र)

समवर्ती ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये वारसा आणि समन्वय या दोन सोयी एकमेकींच्या आड येतात, त्या अडचणीस वारसाविसंगती असे म्हणतात. जुन्या क्लासमधील मेथड नव्या क्लासला आपोआप मिळणे, हा वारसा. एकाच ऑब्जेक्टवर अनेक थ्रेड काम करीत असता कोणती मेथड केव्हा चालू द्यावी व कोणती रोखावी हे ठरविणे, हा समन्वय. टोकियो विद्यापीठातील सातोशी मात्सुओका आणि अकिनोरी योनेझावा यांनी १९९३ मध्ये या अडचणीचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले.

नेहमीचे उदाहरण मर्यादित आकाराच्या बफरचे आहे. त्यात ‘ठेव’ आणि ‘घे’ अशा दोन मेथड असतात. बफर भरलेला असेल तर ‘ठेव’ला आणि रिकामा असेल तर ‘घे’ला थांबावे लागते. नव्या क्लासमध्ये ‘दोन घे’ ही मेथड जोडली की ‘रिकामा नाही’ एवढी माहिती अपुरी ठरते. बफरमध्ये एकच वस्तू आहे की अधिक, हेही कळावे लागते. प्रत्येक मेथडला तिची स्वतंत्र अट जोडण्याची सोय भाषेत असेल, तर हा प्रश्न सहज सुटतो. परंतु ‘ठेव’नंतर लगेच चालू नये अशी एखादी मेथड जोडायची झाल्यास ही सोयही तोकडी पडते. शेवटी कोणती मेथड चालली याची नोंद मूळ क्लासमध्ये नसते. ती ठेवण्यासाठी ‘ठेव’ आणि ‘घे’ दोन्ही पुन्हा लिहाव्या लागतात, निदान त्यांना नवे वेष्टण तरी घालावे लागते. मूळ काम तसूभरही बदललेले नसताना हा खटाटोप करावा लागतो, हीच खरी विसंगती.

भाषाकारांनी यावर निरनिराळे मार्ग स्वीकारले. पिएर अमेरिका यांच्या पूल-टी या भाषेत वारसा ठेवलाच नव्हता. हा मार्ग प्रामाणिक खरा, पण महागडा. जावाने वारसाही ठेवला आणि प्रत्येक ऑब्जेक्टला एक कुलूपही दिले. मात्र ‘सिंक्रोनाइज्ड’ हा शब्द वारशाने मिळत नाही. उपक्लासने तीच मेथड नव्याने लिहिताना तो गाळला, तर कंपायलर हरकत घेत नाही आणि त्या मेथडपुरते कुलूप नाहीसे होते. अशी चूक चाचणीत क्वचितच सापडते, कारण दोन थ्रेड नेमक्या त्याच क्षणी एकत्र आले तरच ती दिसते.