बुद्धिबळपटूंची खतावणी

दर महिन्याच्या एक तारखेस जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे ‘फिडे’, आपल्या दप्तरातील लक्षावधी खेळाडूंची जी यादी प्रसिद्ध करतो, तिच्यात कोणाच्या डावाच्या सौंदर्याची नोंद नसते की कोणाच्या कल्पकतेची वाखाणणी नसते. प्रत्येक नावापुढे चार आकडी एक संख्या असते, आणि स्पर्धेत प्रवेश कोणास द्यावा, मानधन देऊन कोणास पाचारण करावे, कोणाचा किताब मंजूर करावा, हे सारे पुष्कळ अंशी तेवढ्या एका संख्येवर ठरते. लौकिक ही लोकांच्या जिव्हाग्री वसणारी वस्तू. तिचा असा जमाखर्च मांडण्याचे धाडस आर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने केले.

एलो यांचा जन्म १९०३ सालचा, हंगेरीतला. वयाच्या दहाव्या वर्षी ते आईवडिलांसह अमेरिकेत आले, पुढे मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठात अध्यापन करू लागले, आणि विस्कॉन्सिन राज्याचे बुद्धिबळातील विजेतेपद त्यांनी अनेकवार पटकावले. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघाने १९५० साली केनेथ हार्कनेस यांनी बसवलेली मानांकनाची एक ढोबळ रीत अमलात आणली होती. तिच्यात संख्याशास्त्राचा पाया नव्हता. तो घालण्याचे काम एलो यांच्याकडे आले. त्यांची पद्धत अमेरिकेत १९६० साली आणि फिडेत १९७० साली स्वीकारली गेली, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे जगभरच्या खेळाडूंची आकडेमोड हा गृहस्थ स्वतःच करीत असे. आपल्या शास्त्राविषयी मात्र त्यांस फाजील अभिमान नव्हता. पाण्यावर हेलकावणारे बूच, वाऱ्याने झुलणाऱ्या दोरीस बांधलेल्या गजपट्टीने मोजण्यासारखा हा उद्योग आहे, अशा आशयाचे त्यांचे स्वतःचेच उद्गार प्रसिद्ध आहेत.

पद्धतीचे मर्म असे की, खेळाडूचे सामर्थ्य दर डावास सारखेच प्रकट होत नाही. ते एका मध्यबिंदूच्या आसपास खालीवर होत राहते, आणि म्हणून दोन खेळाडू समोरासमोर बसले असता त्यांच्या मानांकनांतील अंतरावरून निकालाची अपेक्षा तेवढी वर्तवता येते. अंतर शंभर गुणांचे असेल तर वरचढ खेळाडूने शेकडा ६४, दोनशेचे असेल तर शेकडा ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा. डाव झाल्यावर प्रत्यक्ष फळातून ही अपेक्षा वजा करावयाची, उरलेल्या बाकीस एका ठराविक गुणकाने गुणावयाचे, आणि येईल ती रक्कम खात्यात जमा अथवा खर्ची टाकावयाची. गुणक वीस धरला, तर दोनशे गुणांनी सरस असलेल्याने डाव जिंकल्यास त्याच्या पदरी पाचाच्याही आत गुण पडतात; हरल्यास पंधरा जातात. बलवानाने दुर्बलावर मिळवलेल्या विजयाचे मोल इतके काटेकोरपणे कमी लेखणारी दुसरी संस्था व्यवहारात मला तरी आढळलेली नाही.

सूत्र एका ओळीत संपते. त्याभोवती रचलेली नियमावली मात्र दर काही वर्षांनी वाढतच गेली आहे, आणि मनुष्यस्वभावाच्या अभ्यासकाने सूत्र सोडून आधी ती कलमे वाचावीत असे माझे मत आहे. कारण त्यांतील पुष्कळशा मर्यादांच्या मागे कोणाची तरी हिकमत, नाही तर कोणाची तरी गैरसोय उभी असते.

गुणकाचेच पाहा. नवख्यास तो चाळीस. तीस डाव पुरे झाल्यावर वीस. आणि मानांकन एकदा २४०० ला पोचले की कायमचा दहा, मग पुढे ते घसरले तरी बेहत्तर. अठरा वर्षे पुरी होतात त्या सालाच्या अखेरपर्यंत, मानांकन २३०० च्या आत असेतोवर, मुलांनाही चाळीसचाच लाभ मिळतो, कारण वाढत्या वयातील सामर्थ्य मागील हिशेबाची वाट पाहत थांबत नाही. पण सुटीच्या दिवसांत एकामागून एक स्पर्धा खेळून एखाद्या मुलाने एकाच मुदतीत खात्याची उलथापालथ करू नये, म्हणून डावांची संख्या आणि गुणक यांचा गुणाकार ७०० च्या वर जाता कामा नये असा निर्बंध आहे. वीस डाव झाले, तर चाळीसचा गुणक आपोआप पस्तीसवर येतो.

दप्तराच्या बंदोबस्तात फट कशी राहते याचे विलक्षण उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या एका तुरुंगात घडले. क्लॉड ब्लडगूड हा खुनाच्या आरोपावरून जन्मठेप भोगणारा कैदी बुद्धिबळाचा जाणकार होता. तुरुंगाच्या भिंतींआड त्याने अधिकृत स्पर्धा भरवल्या, सहकैद्यांची संघाकडे नोंद केली, आणि त्यांच्याशी अगणित डाव खेळले. नवख्याचे पहिले मानांकन प्रतिस्पर्ध्याच्या मानांकनावरून निघत असल्यामुळे, बलाढ्य ब्लडगूडकडून हरणारा कैदीसुद्धा बऱ्यापैकी आकड्यानिशी यादीत प्रविष्ट होई, आणि त्या फुगलेल्या आकड्यास पुनःपुन्हा हरवून ब्लडगूडचा आकडा अधिक फुगे. बाहेरच्या जगाशी देवघेवच नसल्याने ही खोटी समृद्धी उघडकीस आणणारा कोणी नव्हता. १९९६ च्या सुमारास त्याचे मानांकन २७०२ झाले आणि साऱ्या अमेरिकेत तो दुसऱ्या क्रमांकावर आला! त्याने हे बुद्ध्या केले की नाही, याविषयी वाद आहे. बंदिस्त गटात आकडे असे फुगतात हे त्याने स्वतःच संघास पूर्वी कळवले होते असेही सांगतात. कैद्यास खेळावयास दुसरे कोण मिळणार होते, हा प्रश्नही रास्तच आहे. सूत्राने अक्षरशः कोठेही चूक केली नव्हती, आणि तरीही निष्पत्ती हास्यास्पद होती.

दप्तर चालवणाऱ्यांचा हातही नेहमीच निर्मळ राहिला असे नाही. १९८७ साली फिडेने महिला खेळाडूंच्या खात्यात सरसकट शंभर गुण जमा केले. केवळ सुसान पोल्गार हिला वगळले. तिने आपले गुण मुख्यतः पुरुषांशी खेळून मिळवले आहेत, म्हणून तिच्या आकड्यास दुरुस्तीची जरुरी नाही, अशी कैफियत देण्यात आली. तर्क अगदीच पोकळ नव्हता. परंतु त्या एका हुकमाने यादीच्या शिरोभागी असलेली हंगेरीची ही मुलगी खाली गेली आणि सोव्हिएत विश्वविजेती माया चिबुर्दानिद्झे वर आली, तेव्हा संशयास जागा उरली ती उरलीच.

अलीकडची चिंता नेमकी उलट, आकडे आटण्याची. कमी मानांकनाने यादीत शिरणारी मुले, आणि त्यांत आपल्याकडील मुले फार, महिन्या-दोन महिन्यांत आकड्यापेक्षा कितीतरी बलवान होतात आणि जुन्या खेळाडूंचे गुण घेऊन जातात. युरोपातील खुल्या स्पर्धांत एखादा अनुभवी खेळाडू समोर दहा वर्षांचा भारतीय पोर पाहून धास्तावतो तो उगाच नव्हे. यावर तोड म्हणून मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० च्या खालील सर्वांना, २००० पासून ते जितके दूर होते त्याच्या शेकडा चाळीस गुण एकवार बहाल केले, आणि १४०० हा यादीचा तळ ठरवून टाकला.

वरच्या टोकासही कुंपण होते. दोघांतील अंतर चारशेहून अधिक असले तरी ते चारशेच धरावे, असा दुर्बलांशी खेळणाऱ्या बलवानास अभय देणारा हा नियम. त्यायोगे अग्रगण्य ग्रँडमास्टरला कितीही नवख्या खेळाडूस हरवल्याबद्दल आठ दशांश गुण हमखास मिळत. २६५० वा अधिक मानांकन असणाऱ्यांपुरते हे अभय ऑक्टोबर २०२५ पासून काढून घेण्यात आले.

किताबाचा व्यवहार मानांकनाशी बांधलेला असला तरी सर्वस्वी त्याच्या अधीन नाही. ग्रँडमास्टर होण्यास २५०० चा टप्पा आणि तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांतील ठराविक दर्जाच्या तीन कामगिऱ्या, लागतात. परंतु काही निवडक स्पर्धांच्या विजेत्यास हा दर्जा थेट देण्याची तरतूद आहे, आणि जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकून, गाठी एकही नॉर्म नसताना, तो मिळवला. अंतिम फेरीत कोनेरू हंपीशी तिचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले आणि निकाल लागला तो जलद डावांत. जलद डावांची खतावणी निराळी असल्यामुळे, हंपीसारख्या वरचढ खेळाडूशी साधलेल्या त्या दोन बरोबऱ्यांपोटी तिच्या मुख्य खात्यात जमा झाले ते जेमतेम दोन गुण.