आकृत्या झटपट सुटतात, पण उतारा अडतो? 'नवोदय'ची तयारी करणाऱ्या अशा मुलाकडे नीट बघायला हवं

जालना जिल्ह्यात अनेक घरांत पाचवीचं वर्ष म्हणजे 'नवोदयचं वर्ष'. अंबडच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला नंबर लागला, की राहणं, जेवण आणि पुस्तकं मोफत. जागा जास्तीत जास्त ८०. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. आणि सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा एकदाच देता येते.

आता समजा, एक मुलगी आहे. कोडी चुटकीसरशी सोडवते, तोंडी हिशोब पक्का. पण उतारा वाचायला दिला की अडखळते, अक्षरं गाळते, वेळ संपतो. घरी आणि शाळेत ऐकायला मिळतं, "हुशार आहे, पण आळशी आहे."

खरंच आळस असतो का?

हुशार मुलाला अध्ययन अक्षमता कशी असेल?

असू शकते. वाचनातली अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातली डिस्ग्राफिया आणि गणितातली डिस्कॅल्क्युलिया. यांचा अर्थ बुद्धी कमी आहे असा होत नाही. 'तारे जमीं पर'मधला ईशान आठवा.

असामान्य बुद्धी आणि अशी अडचण, दोन्ही असलेल्या मुलांना 'ट्वाइस एक्सेप्शनल' म्हणतात. ती ओळखू येत नाहीत, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकतात. हुशारीच्या जोरावर मूल अंदाजाने, पाठांतराने वेळ मारून नेतं, त्यामुळे अडचण दिसत नाही. अडचणीमुळे मार्क कमी पडतात, त्यामुळे हुशारी दिसत नाही. उरतो तो 'साधारण' असा शिक्का.

नवोदयच्या पेपरमध्ये हे कसं दिसतं?

पेपर ८० प्रश्नांचा, १०० गुणांचा, दोन तासांचा. त्यात मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न (५० गुण), अंकगणिताचे २० (२५ गुण) आणि भाषेचे २० (२५ गुण). मानसिक क्षमतेचे प्रश्न आकृत्यांवर असतात, तिथे फारसं वाचावं लागत नाही. भाषेचे प्रश्न मात्र उताऱ्यांवर.

म्हणजे सराव पेपरमध्ये एखादं मूल आकृत्यांमध्ये सतत पुढे आणि उताऱ्यांमध्ये सतत मागे राहत असेल, तर ती एक खूण आहे. त्यावरून निदान होत नाही, पण तपासणी करून घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे. एकूण मार्कांवर ही खूण दिसत नाही, प्रत्येक विभागाचे मार्क वेगळे बघावे लागतात.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यातलीच एक. मुलांमधली ही अडचण लवकरात लवकर ओळखावी, असं कलम १६ सांगतं.

नवोदयच्या परीक्षेत प्रमाणपत्र असलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० मिनिटं जादा मिळतात. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

मग अडतं कुठे?

वेळेत. हे प्रमाणपत्र एका दिवसात हातात पडत नाही. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या. वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावर हे करता येतं, म्हणजे साधारण तिसरीत. पाचवीत फॉर्म भरताना धावपळ सुरू केली, तर उशीर झालेला असतो.

दुसरी अडचण म्हणजे हुशारीने निभावून नेणारं मूल ४० टक्क्यांच्या अटीत बसेलच असं नाही. त्याला जादा वेळ मिळत नाही, पण त्रास तर असतोच.

निवड झाली की प्रश्न सुटला का?

नाही. नवोदयमध्ये सातवी-आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवतात. त्यानंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, तर सामाजिक शास्त्रं हिंदीतून. तोवर लपलेली अडचण इथे उघडी पडू शकते.

वर्गात करायच्या बऱ्याच गोष्टींना मात्र प्रमाणपत्र लागत नाही. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणं, काही उत्तरं तोंडी घेणं, विज्ञानाच्या पेपरमध्ये शुद्धलेखनाचे मार्क न कापणं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वाचनाच्या जादा तासासाठी त्या मुलाला गणिताच्या किंवा विज्ञानाच्या उपक्रमातून उठवायचं नाही. जिथे ते चमकतं, तीच जागा काढून घेतली तर शाळाच नकोशी होते.

पालकांनी काय करावं?

तिसरीतच वाचनाकडे लक्ष द्या. शंका आली तर वर्गशिक्षकांशी बोला. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक कधी भेटतील, हे तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विचारा. शाळेत येणारं आरोग्य तपासणीचं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं, आणि त्याच्या तपासणीत अध्ययनातल्या अडचणीही येतात. तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवलं जातं. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज यूडीआयडी पोर्टलवर करता येतो.

आणि तोवर 'आळशी' हा शब्द घरात वापरू नका. वाचताना ते मूल इतरांपेक्षा जास्त मेहनत घेत असण्याचीच शक्यता जास्त आहे.