सातचा भोंगा आणि मोबाइलची मर्यादा

मोबाइलचा अतिवापर हा व्यक्तीच्या मनोनिग्रहाचा दोष मानण्याची रीत रूढ आहे. परंतु सवय कशी जडते हे पाहिले, म्हणजे एकट्याचा निग्रह अपुरा का पडतो, हे ध्यानात येते. एखाद्या कृतीचे फळ दर वेळी न मिळता अवचित मिळत राहिले, तर ती कृती अधिक चिवट होते आणि फळ थांबल्यावरही सहजासहजी सुटत नाही, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. कृतीची पुनरावृत्ती घडवून आणणाऱ्या अशा लाभास मानसशास्त्रात ‘प्रबलन’ म्हणतात. फोन उघडल्यावर कधी जिवलगाचा निरोप सापडतो, कधी काहीच सापडत नाही आणि या अनिश्चिततेमुळेच हात वारंवार फोनकडे वळतो. त्यातच बोट सरकवावे तसा नवा मजकूर येत राहत असल्यामुळे, छापील पान संपल्यावर वाचकाला आपोआप मिळणारा विराम येथे उरत नाही.

हा हरवलेला विराम बाहेरून निर्माण करण्याचा प्रयोग सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये झाला. करोनाकाळातील ऑनलाइन शाळेमुळे मुलांच्या हाती आलेला फोन शाळा पुन्हा भरू लागल्यावरही सुटेना, तेव्हा गावाने स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास सभा घेऊन निर्णय केला. त्यानुसार सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद होत आणि मुले अभ्यासास, तर मोठी माणसे वाचनास किंवा गप्पांना बसत. निर्णय अमलात यावा, यासाठी अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन समजूत घातली.

या प्रयोगाचे मर्म सामुदायिकतेत आहे. नियम थोरामोठ्यांनाही लागू असल्यामुळे मुलांना तो अन्यायाचा वाटण्याचे कारण उरत नाही आणि शेजारीपाजारीही फोनपासून दूर असल्यामुळे आपण काहीतरी गमावत आहोत, ही रुखरुख कमी होते. शहरातील कुटुंबाला भोंगा लाभणार नाही. तरीही जेवताना कोणीच फोन जवळ न ठेवणे, रात्री सर्वांचे फोन झोपण्याच्या खोलीबाहेर एकाच जागी चार्जिंगला लावणे आणि कॉल वगळता इतर सूचनांचे आवाज बंद करणे, हे संकेत घराला एकत्रितपणे ठरवता येतात.

मात्र कामाच्या ठिकाणाहून रात्री येणाऱ्या निरोपांपुढे घरचा संकेत हतबल ठरतो. म्हणूनच कार्यालयीन वेळेनंतर कर्मचाऱ्याला फोन वा ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क असावा, यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. मर्यादा पाळण्याची जबाबदारी निरोप पाठवणाऱ्यावरही असते, हा विचार त्यामागे आहे.

वडगावात साडेआठला दुसरा भोंगा वाजे आणि फोन पुन्हा सुरू होत. त्याग अवघ्या दीड तासाचा होता, त्याचा शेवट सर्वांना ठाऊक होता आणि तो सर्वांनी मिळून पत्करलेला होता. घरातील मर्यादा टिकवायची असेल, तर तिलाही या तिन्ही गोष्टींचा आधार द्यावा लागेल.