सहा पॉइंट दोन म्हणजे नेमकं किती?

कॅलिफोर्नियात राहत असाल तर हे तुम्ही अनुभवलं असेलच. रात्री जमीन हलते, फोन किंचाळतो, आणि थोड्या वेळात भारतातून आईचा कॉल येतो: "किती होता रे?" आपण सांगतो, "चार पॉइंट चार." आकडा छोटा निघाला की दोन्हीकडे हायसं वाटतं. पण तो आकडा नक्की काय सांगतो?

दोन भूकंप शेजारी ठेवून बघू. १७ ऑक्टोबर १९८९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. तीव्रता ६.९, मृत्यू ६३. दुसरा ३० सप्टेंबर १९९३ चा, लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा. तीव्रता ६.२, मृत्यू जवळपास दहा हजार. हे असं उलटं कसं?

आधी भूकंप होतो कसा ते पाहू. पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं आहे. हे तुकडे वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात, म्हणजे साधारण आपली नखं वाढतात तसे. सरकताना खडक अडकतात, ताण साचत जातो, आणि एके दिवशी खडक भेगेवर झटक्यात घसरतो. ती ऊर्जा लहरींच्या रूपात बाहेर पडते. कॅलिफोर्निया दोन तुकड्यांच्या सीमेवरच आहे. किल्लारी मात्र सीमेपासून खूप लांब. तिथे भूकंपाचा धोका सगळ्यात कमी, असंच तेव्हाच्या नकाशात दाखवलेलं होतं.

आता आकडा. तो १ ने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. त्या हिशेबाने लोमा प्रिएटाची ऊर्जा किल्लारीच्या जवळपास ११ पट होती. पण हा आकडा उगमापाशी सुटलेल्या ऊर्जेचा आहे, तुमच्या पायाखालच्या हादऱ्याचा नाही. ढोल-ताशा आठवा. ढोलावरचा ठोका एकच, पण पथकासमोर उभं राहिलात तर छाती थरथरते, मागच्या गल्लीत नुसता आवाज येतो. किल्लारीचा भूकंप उथळ होता आणि गावं जणू ढोलासमोरच होती.

त्यात वेळ पहाटे चारच्या सुमाराची. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपेत. घरं माळवदाची: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकडं आणि मातीचा जड थर. उन्हाळ्यात ही घरं छान गार राहतात. पण भिंती एकमेकींना नीट बांधलेल्या नव्हत्या. जमीन हलली तशा त्या सुट्या झाल्या, आणि छप्पर झोपलेल्यांवर आलं.

यात अमेरिका शहाणी आणि आपण मागास, असा अर्थ काढू नका. लोमा प्रिएटाच्या ६३ पैकी ४२ जण ओकलंडमधल्या एकाच दुमजली उड्डाणपुलावर गेले. पुलाचा कोसळलेला भाग मऊ गाळाच्या जमिनीवर होता. असा गाळ हादरा वाढवतो, आणि जुन्या बांधणीला तो झेपला नाही.

भूकंप नेमका कधी होणार, हे आजही कोणी सांगू शकत नाही. घर कसं बांधायचं, हे मात्र आपल्याला माहीत आहे. तेव्हा गावी घर बांधायचं चाललं असेल, तर टाइल्सच्या रंगाआधी एक विचारा: "दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग बांधणारा काँक्रीटचा पट्टा टाकलाय ना?"

आईच्या "किती होता?" इतकाच हा प्रश्नही काळजीचाच आहे.